पंधरा लाखांचा पगार, शून्य कराचा शेजारी आणि गोव्यातलं कलम ५अ

तुमचा प्रश्न मोठा होता, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही वेर्ण्याच्या कारखान्यात अभियंता आहात, राहता फोंड्याला. पगार वर्षाला १५ लाख, त्यातला मूळ पगार ७ लाख, आणि कंपनीचा पीएफचा वाटा याच्या वर वेगळा. पत्नी घर सांभाळते, दोन मुलं शाळेत, फ्लॅटचा हप्ता महिना ३९ हजार. २०२५-२६ या वर्षाचा कर ९७,५०० रुपये. तुमच्या इमारतीतल्या टाइल्सच्या दुकानदाराची उलाढाल दोन कोटींची आणि कर शून्य. समोरच्या वाड्यावरच्या बाईंना गृहआधारचे, म्हणजे राज्य सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे, महिना दीड हजार मिळतात. वरच्यांना सवलत, खालच्यांना अनुदान, मग मधल्याने कोणतं पाप केलं? शिवाय अगदी शेवटी एका ओळीत तुम्ही विचारलंय की कंपनी 'कन्सल्टंट' व्हा म्हणते आहे, म्हणजे नोकरी सोडून तेच काम बिलावर करा, कर वाचेल, तर व्हावं का?

ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, पण तिच्याकडे यायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

फोंडा-डिचोली पट्ट्यातल्या नोकरदारांची, दुकानदारांची, टॅक्सीवाल्यांची आणि बागायतदारांची रिटर्नं भरणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे सारख्याच मिळकतीच्या दोन माणसांचे कागद शेजारी शेजारी बघायची सवय झाली आहे. त्यावरून सांगतो, तुमचा राग खरा आहे, पण तो दोन ठिकाणी वाटला गेलाय आणि त्यातली एक जागा चुकीची आहे.

आधी तुमचा कर बरोबर कापलाय का ते बघू. १५ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले १४.२५ लाख. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या चारवर १० टक्के म्हणजे ४० हजार, आणि उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,७५०. एकूण ९७,५००. हिशेब चोख आहे. आदल्या वर्षीच्या दरांनी हाच आकडा १ लाख ३० हजार झाला असता. जुन्या पद्धतीत जाऊन गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, ८०सी खालच्या बचतीचे दीड लाख आणि विम्याचे २५ हजार वजा केले, तरी कर १ लाख ४० हजारांच्या वर जातो. तेव्हा 'हप्त्यावर सूट मिळत नाही' ही तक्रार बरोबर असली तरी तुमच्या आकड्यांत नवी पद्धतच स्वस्त पडते.

आता शेजारी. तो चोरी करतो असं तुम्ही गृहीत धरलंय. करतही असेल, कच्च्या बिलावर माल विकणारे फोंड्याच्या बाजारात मला कमी भेटलेले नाहीत. पण गंमत अशी की त्याला शून्य कर भरायला चोरी करायची गरजच नाही. छोट्या व्यापाऱ्यासाठी कलम ४४एडी आहे. उलाढाल दोन कोटींपर्यंत असेल तर (रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर तीन कोटींपर्यंत) वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा दाखवता येतो. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँक किंवा यूपीआयने आलेल्या पैशांवर ६ टक्के. दोन कोटींचे ६ टक्के म्हणजे १२ लाख. आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत रिबेट, म्हणजे करमाफी, असल्याने कर शून्य. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायला हवा, असं कायद्याचं म्हणणं आहे. पण वह्याच नसतील तर जास्त किती ते कोण मोजणार?

इथपर्यंतची गोष्ट सावंतवाडीलाही लागू आहे आणि साताऱ्यालाही. पुढची फक्त आपल्याकडची.

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून आयकर कायद्यात कलम ५अ घातलं आहे. त्याप्रमाणे अशा जोडप्याचं धंद्याचं, घरभाड्याचं, भांडवली नफ्याचं, व्याजाचं उत्पन्न अर्धं अर्धं करून दोघांच्या नावावर मोजतात. अपवाद एकच, पगार. तो ज्याने कमावला त्याच्याच नावावर पूर्ण मोजला जातो.

हा अपवाद तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. शेजारी उद्या अगदी प्रामाणिक झाला, वह्या ठेवल्या आणि २४ लाख नफा दाखवला असं समजा. दोघांचं दुसरं उत्पन्न नसेल तर १२ लाख त्याचे, १२ लाख त्याच्या बायकोचे, दोघांनाही रिबेट, कर शून्य. तुमच्यासारख्या नोकरदाराचा पगार २४ लाख असेल आणि बायको घरी असेल, तर कर २ लाख ९२ हजार ५००. एकच गाव, एकच विवाह कायदा, घरात येणारा पैसाही तेवढाच. फरक इतकाच की एका घरी पैसा गल्ल्यातून येतो आणि दुसऱ्या घरी पगारपत्रकातून.

तुमच्या १५ लाखांचे असेच दोन भाग झाले असते तर दोघांचेही साडेसात-साडेसात लाख होऊन तुम्हीही शून्यावर आला असता. पगाराच्या या एका अपवादापायी कितीतरी नोकरदार माझ्या टेबलासमोर हताश होऊन बसलेत. त्यातल्या बहुतेकांना पगारासाठी नाही तरी मुदत ठेवीच्या व्याजासाठी आणि भाड्यासाठी ५अ लागू होतं, हेही ठाऊक नसतं. तुमच्या नावावर ठेवी असतील तर त्यांचं अर्धं व्याज पत्नीच्या नावावर जायला हवं, आणि त्यासाठी साधा आयटीआर-१ चालत नाही, ५अ ची अनुसूची असलेला फॉर्म भरावा लागतो. यंदा तेवढं तपासून घ्या.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली झालं, नोंदणी गोव्यातल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे झाली की दोडामार्गहून येऊन तुम्ही इथे फक्त नोकरीला आहात, लग्नाआधी विभक्त मालमत्तेचा करार केला होता का, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलतं. नुसतं गोव्यात भाड्याने राहून ५अ लागू होत नाही. तुम्ही मूळचे कुठले ते लिहिलेलं नाही, म्हणून हा मुद्दा तुमच्या सीएसमोर ठेवाच. आणखी एक, १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने त्यानंतर कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. मी सवयीचे जुने क्रमांक वापरतोय.

दुकानदाराची बाजूही मांडायला हवी, नाहीतर माझे निम्मे अशील मला सोडून जातील. त्याला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आजारी पडला तर शटर बंद. गटाराच्या कामासाठी रस्ता चार महिने खोदून ठेवला तर त्याची विक्री बसते आणि भाडं चालूच राहतं. खाण बंद झाल्यावर, २०१२ला आणि पुन्हा २०१८ला, डिचोली-सांग्यात ट्रकवाल्यांचे आणि त्यांच्यावर जगणाऱ्या गॅरेजवाल्यांचे हाल मी त्यांच्या पासबुकात वाचलेत. पगारदाराला तसा अनुभव सहसा येत नाही. म्हणून छोट्या धंद्याला काही सवलत असावी, हे मला मान्य आहे. पण २४ लाख नफ्यावर शून्य आणि २४ लाख पगारावर पावणेतीन लाखांहून जास्त, ही जोखमीची भरपाई म्हणता येणार नाही.

जमिनीच्या पैशाचं तर आणखी मजेशीर आहे. आसगाव-शिवोली भागात वडिलोपार्जित जागा विकून आलेल्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. जागा २३ जुलै २०२४च्या आधीची असेल तर महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. त्यातही ५अ आहेच. नफा ९० लाख असेल तर नवरा-बायकोच्या नावावर पंचेचाळीस-पंचेचाळीस लागतात, म्हणजे ५० लाखांनंतरचा अधिभारही टळतो. तुमच्या पगाराच्या शेवटच्या लाखावर १५ टक्के कर, आणि एकाच सहीने आलेल्या नव्वद लाखांवर साडेबारा. कुळागराच्या सुपारी-नारळाच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, कारण शेती उत्पन्नावरचा कर राज्यघटनेने राज्यांकडे सोपवला आहे आणि कुठल्याही सरकारला तो विषय हातात घ्यायची हौस नाही. दोन एकरांच्या बागायतदाराबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांचं बाकीचं मोठं उत्पन्न शेतीच्या खात्यावर अलगद जाऊन बसतं, त्यांच्याबद्दल आहे.

कंपन्यांचंही बघा. कॉर्पोरेट कराचा मूळ दर ३०वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा निर्मला सीतारामन यांनी २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यातच केली. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी त्या इथे आल्या होत्या. गुंतवणूक वाढावी हा हेतू होता. पुढे चित्र असं झालं की २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्यक्तींच्या आयकरातून १४.३८ लाख कोटी धरले होते आणि कंपन्यांकडून १०.८२ लाख कोटी.

आता त्या समोरच्या बाई. गृहआधारचे दीड हजार म्हणजे वर्षाला १८ हजार, आणि तेही घरचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. अशा योजनांत अपात्र नावं घुसतात, हे मान्य. पंचायतीत ओळख असेल तर दाखले कसे मिळतात, ते तुम्हालाही माहीत आहे. तरी तुमचा राग चुकीच्या जागी गेलाय असं मी म्हणालो, ती जागा हीच. त्या बाई आयकर भरत नाहीत, पण साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज यांवर तुमच्याच दराने जीएसटी भरतात, आणि मिळालेला जवळजवळ सगळा पैसा त्या खर्चच करतात, त्यामुळे मिळकतीच्या मानाने त्यांच्यावरचा हा भार तुमच्यापेक्षा जड असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून साबण-टूथपेस्ट ५ टक्क्यांवर आली आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पहिल्याचा फायदा दोघांना, दुसऱ्याचा बहुतेक तुम्हालाच. पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. २०१२मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ शून्यावर आणून पेट्रोल ११ रुपयांच्या आसपास स्वस्त केलं होतं, तेव्हा मध्यमवर्ग खूश होता. पुढे तो कर हप्त्याहप्त्याने परत आला.

तुमचे पैसे जातात कुठे, तेही विचारलंय. तुमच्या ९७,५००ची वेगळी थैली नसते, पण केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पातला रुपया असा फुटतो: राज्यांचा वाटा २२ पैसे, कर्जावरचं व्याज २०, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६, केंद्र-राज्य मिळूनच्या योजना ८, संरक्षण ८, अनुदानं ६, पेन्शन ४, बाकी वित्त आयोगाची देणी आणि किरकोळ. सगळ्यांच्या बोलण्यात येतात ती अनुदानं सहा पैशांची. व्याजाचे वीस पैसे मात्र कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. आणि त्या रुपयातले २४ पैसे मुळात उसने घेतलेले असतात, म्हणजे पुढच्या व्याजाची सोय तिथेच झालेली असते. 'आपला पैसा उत्तरेकडे जातो' असं लिहिलंय तुम्ही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटायच्या रकमेत गोव्याला ०.३८६ टक्के दिले. २०११च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत आपण ०.१२ टक्के आहोत, म्हणजे माणशी बघितलं तर वाटा सरासरीच्या तिप्पट. गोव्यातून कर किती जमतो हा वेगळा वाद आहे. माझी खरी तक्रार उपकरावर आहे. तुमचे ते ३,७५० रुपये आरोग्य-शिक्षणाच्या नावाने घेतले जातात, पण वाटायच्या रकमेत धरले जात नाहीत, म्हणजे त्यातला हक्काचा वाटा गोव्याला मिळत नाही.

'मला काय मिळतं?' याचं उत्तर तुम्ही म्हणता तसं शून्य नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला उत्पन्नाची अट नाही. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. तुम्ही चौघे, तरी कार्ड काढलेलं नाही, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला विचारा, बिल किती आलं. तुमची मुलं अनुदानित शाळेत असतील तर शिक्षकांचा पगार सरकार देतं. उद्या फर्मागुढीच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तर खाजगी कॉलेजातली फी आणि तिथली फी शेजारी ठेवून बघा.

मग ओढाताण का होते? तुमचा कर महिन्याला ८,१२५ रुपये पडतो आणि घराचा हप्ता ३९ हजार. सरकारने उद्या तुमचा कर पूर्ण माफ केला तरी महिनाअखेर फार वेगळी दिसणार नाही. रात्री आठनंतर वेर्ण्याहून फोंड्याला बसचा भरवसा नाही, म्हणून गाडी, तिचा हप्ता, पेट्रोल. एप्रिल-मेमध्ये टँकर. दिल्ली-मुंबईचे लोक सेकंड होम म्हणून फ्लॅट घेऊन बंद ठेवतात आणि त्या भावाशी तुमच्या पगाराला झुंजावं लागतं. सरकारने जे द्यायला हवं होतं ते तुम्ही खिशातून विकत घेता, आणि त्याची पावती कुठल्याच रिटर्नमध्ये जोडता येत नाही. निवडणुकीत उमेदवार दारात आला की आपण स्लॅबबद्दल बोलतो, जे त्याच्या हातात नाही. कदंबची रात्रीची बस, नळाचं पाणी, जमीन रूपांतराचे निर्णय यांबद्दल विचारत नाही, जे राज्याच्या हातात आहे.

दिल्लीकडे मागायचंच असेल तर नेमकं मागा. एका घरात येणाऱ्या सारख्या पैशावर सारखा कर हवा. त्यासाठी ५अ मधला पगाराचा अपवाद काढावा, किंवा देशभर सगळ्याच जोडप्यांना एकत्र रिटर्न भरायचा पर्याय द्यावा. दुसरी सूचना सीएंच्या संस्थेने, आयसीएआयने, २०२५च्या अर्थसंकल्पाआधी केली होती. ती मान्य झाली नाही. सरकार म्हणेल महसूल बुडेल, आणि ते खोटं नाही. मग ४४एडी खाली येणाऱ्या मोठ्या उलाढालींवर थोडी कात्री लावून भरपाई करावी. हे मी माझ्याच अशिलांच्या विरोधात लिहितोय, याची कल्पना आहे.

मधल्या काळात तुमच्या हातात असलेलं एक काम आहे. कंपनीला सांगून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मालकाचं योगदान पगाराच्या रचनेत घालून घ्या. नव्या पद्धतीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत ते वजा होतं. ७ लाखांवर ९८ हजार, कर वाचेल १५,२८८. पैसे बरीच वर्षं अडकतात, हे लक्षात ठेवून ठरवा.

आता 'कन्सल्टंट'. कंपनीचा हिशेब असा असणार: अभियांत्रिकी हा कलम ४४एडीएमधला व्यवसाय आहे, निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, १५ लाखांचे साडेसात, कर शून्य. ५अ ची गरजही पडत नाही. कागदावर ९७,५०० वाचले. आता दुसरी बाजू मांडा. कंपनी पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के पीएफ भरत असेल तर तुमचे वर्षाला ८४ हजार गेले. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या मूळ पगाराएवढी, म्हणजे सुमारे ३३,६५० रुपये, तीही गेली. बेरीज १ लाख १७ हजारांच्या वर, म्हणजे कर वाचवून तुम्ही तोट्यात. यात गट आरोग्य विमा, भरपगारी रजा आणि नोटीसचा पगार मी धरलेलाच नाही. त्यात काम तेच, हजेरी तीच, साहेब तोच आणि फक्त पगाराच्या जागी बिल, असं असेल तर आयकर अधिकारी तो पगारच मानू शकतो, आणि मग व्याजासकट मागणी तुमच्या नावाने येते. पुढे कर्ज वाढवायला बँकेत गेलात तर तिथेही साडेसात लाखांचंच उत्पन्न दिसेल.

तुम्हाला खरोखरच दोन-तीन कंपन्यांची कामं मिळणार असतील, वेळ तुमची असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी जरूर विचार करा म्हणेन. पण एकाच कंपनीसाठी ही उडी घ्यायची असेल तर कराराची मुदत, नोटीस आणि पैसे देण्याची तारीख लेखी घ्या, आणि १७ लाखांच्या खालच्या आकड्यावर सही करू नका.